प्रेव्हलन्सला ‘प्रादुर्भाव’ चालेल का?

परळकर: आरोग्य शिबिरासाठी मेटाबॉलिक सिंड्रोमवरचं (पोटाचा घेर, बीपी, साखर, रक्तातली चरबी यांचा एकत्र बिघाड) माहितीपत्रक मराठीत करतोय. ‘प्रेव्हलन्स’साठी, म्हणजे आजार लोकांपैकी किती जणांना आहे त्यासाठी, ‘प्रादुर्भाव’ लिहिलं, तर डॉक्टरीणबाईंनी लाल रेघ मारली. म्हणाल्या, प्रादुर्भाव डेंग्यूचा होतो, हा काय पावसाळ्यात येतो? ‘प्रमाण’ लिहावं तर पुढच्याच ओळीत ‘रक्तातील साखरेचे प्रमाण’ आहे. सुचवा.

गिरगावची: बाईंचं बरोबर आहे. प्रादुर्भाव म्हणजे प्रकट होणं, नव्यानं उद्भवणं. आधीच असलेले मोजायचे तर ‘व्याप्ती’ म्हणा.

तर्कटराव: व्याप्ती म्हणजे तर्कशास्त्रातलं ‘धूर तिथे अग्नी’! आणि रोगाची व्याप्ती म्हटलं की तो अंगात किती पसरलाय असंच वाटतं. सरळ ‘शंभरात किती जणांना’ लिहा की.

ओपीडीवाली: शंभरात किती, हे कुणाच्या निकषानं? खरं घोडं तिथे अडलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९८च्या व्याख्येत साखरेचा किंवा इन्सुलिनचा बिघाड असायलाच हवा. अमेरिकेच्या २००१च्या एटीपी-३ या निकषांत पाचातली (कंबर, बीपी, साखर, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी) कुठलीही तीन लक्षणं पुरतात, पण कंबर पुरुषाची १०२ सेंमीच्या वर, बाईची ८८च्या वर. २००५मध्ये आयडीएफनं, म्हणजे आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं, कंबर सक्तीची केली आणि आपल्यासारख्या दक्षिण आशियाई लोकांसाठी ती ९० आणि ८०वर आणली.

आता एक गृहस्थ घ्या. कंबर ९४, बीपी १३४/८०, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड १३०, उपाशीपोटी साखर ९६. बीपी आणि एचडीएल ही दोनच बिघडलेली, म्हणून एटीपीत सुटले; कंबर ९०च्या वर, म्हणून आयडीएफमध्ये अडकले. त्यांचा सडपातळ भाऊ: कंबर ८६, बीपी तेवढंच, एचडीएल ठीक, ट्रायग्लिसराइड १८०, साखर ११२. बीपी, ट्रायग्लिसराइड, साखर तिन्ही वाढलेली, म्हणून हा एटीपीत अडकला आणि आयडीएफमध्ये निव्वळ कमरेवर सुटला. २००९च्या संयुक्त व्याख्येत पुन्हा पाचातली कुठलीही तीन, पण कमरेचा आकडा त्या त्या समाजाचा. तिथे दोघंही अडकतात! माणसं तीच, रक्त तेच. तेव्हा आकड्याशेजारी निकषाचं नाव आणि साल नसेल तर तुमचा शब्द कितीही शुद्ध असो, वाक्य खोटंच.

शब्दपुजारी: आधी ‘मेटाबॉलिक सिंड्रोम’चं बघा. देवनागरीत लिहिलं म्हणून मराठी होत नाही. ‘चयापचय लक्षणसमूह’ असा चांगला शब्द आहे.

पारले-पूर्व: माझ्या मावशीनं तो ‘अपचन’ असा वाचला आणि लिंबू-सोडा घेतला.

शब्दपुजारी: अपचय ‘चि’ धातूवरून, अपचन ‘पच्’वरून. मावशींच्या घाईचं खापर भाषेवर कशाला? महापौर रुळला, हाही रुळेल.

पारले-पूर्व: अमेरिकन डॉक्टर रीव्हन यांनी १९८८मध्ये याला ‘सिंड्रोम एक्स’ म्हटलं होतं. ‘क्ष-लक्षणसमूह’ करा, क्ष-किरणांना भाऊ मिळेल.

लालबागचा शिंपी: मघापासून सगळे ‘कंबर’ म्हणताय म्हणून विचारतो, मोजायची कुठे? आमच्या दुकानात पँटची कंबर वेगळी, पोट वेगळं. पोट सुटलेला माणूस पट्टा पोटाखाली बांधतो आणि छातीठोक ‘चौतीस’ सांगतो. मी टेप लावतो ती बेंबीवर, मग आवाज उतरतो.

ओपीडीवाली: लाख बोललात काका. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध टेप धरतात, एका अमेरिकन पद्धतीत थेट त्या हाडावर. इथेही आकडा हलतो.

गिरगावची: मग ‘पोटाचा घेर’ लिहा. सगळ्यांना कळेल.

शब्दपुजारी: कंबर तशीही फारसी. ‘कटिपरिघ’ लिहा.

पारले-पूर्व: कटी विठोबाला. आम्हाला कंबरच.

परळकर: मंडळी, पत्रक उद्या छापायला जातंय. प्रेव्हलन्सचं काय ठरलं?

तर्कटराव: परिघ वर्तुळाचा असतो, पोटाचा नव्हे. घेरच हवा.

लालबागचा शिंपी: बायकांचं कुणी बोललंच नाही. परकराच्या नाडीवरून टेप फिरवलीत तर आकडा वेगळाच. नऊवारी नेसलेल्या आजी आल्या तर ओचा धरून मोजणार का? मग ८०ची अट लुगडंच पुरी करील.