यादीच्या आत यादी : कमांडलाच द्यायची की फाईलमध्ये टाकायची?

पेडण्याचा_प्रोग्रामर
एएस/४०० वाल्यांनो, एक वाद मिटवा (आयबीएमची धंद्यासाठीची सिस्टिम, नाव आता आयबीएम आय आहे, माहीत आहे, पण आमच्याकडे मालकापासून ऑपरेटरपर्यंत कोणी तसं म्हणत नाही). वेर्ण्याला औषधं पाठवणाऱ्या एका कंपनीत मी आहे. आमची स्वतःची सीएल (त्या सिस्टिमची कमांड भाषा) कमांड आहे, तिच्या एकाच पॅरामीटरमध्ये औषध, बॅच, नग असे तीन-तीनचे कंस एकामागून एक जातात. परवा गाडी गेटवर उभी आणि प्रोग्राम एमसीएच १२०२ देऊन झोपला, म्हणजे डेसिमल डेटा एरर, आकड्याच्या जागी नीट आकडाच नाही.

कारण ऐकाल तर डोक्याला हात लावाल. अशा यादीच्या आत यादीवाल्या पॅरामीटरमध्ये पहिल्या दोन बाइट्समध्ये किती याद्या ते असतं, मग प्रत्येक यादीसाठी दोन बाइटचा ऑफसेट (ती यादी सुरुवातीपासून किती बाइट पुढे आहे तो आकडा), मग खऱ्या याद्या, आणि प्रत्येक यादीच्या डोक्यावर परत आपला दोन बाइटचा काउंट. आधीच्या माणसाने दोन औषधांवर टेस्ट केलं, माल, म्हणजे खऱ्या याद्या, सातव्या बाइटपासून दिसला, त्याने सात लिहून टाकला. तिसरं औषध आलं की आणखी एक ऑफसेट येतो, माल नवव्यावर सरकतो आणि नगाच्या जागी भलतंच काही वाचलं जातं.

माझं म्हणणं, चूक वाचणाऱ्याची, कमांडची नाही. एफ४ दाबला की ऑपरेटरला प्रॉम्प्ट मिळतो, अजून औषध हवं तर + टाकायचं, चुकीचं मूल्य तर कमांडच परत पाठवते. हे फुकट मिळतंय तर का सोडायचं?

फोंड्याचो_आरपीजीकार
कारण ते वाचणारा उद्या तू नसशील बाबा. आणि एफ४ दाबतो कोण हल्ली? ऑर्डर पोर्टलवरून येते ना, मग जेसन (नावं-मूल्यं लिहिलेला मजकूर) घे, आरपीजी भाषेत तो व्हेरिएबलमध्ये भरणारा डेटा-इंटो आहे २०१८ पासून, नेस्टेड (एकात एक) डेटा स्ट्रक्चर लिहिलं की नावानिशी मिळतं, बाइट मोजत बसायला नको. शिवाय तुझ्या यादीला ३०० ची मर्यादा आहे, मोठ्या डिलरची ऑर्डर आली की काय करणार, दोनदा कमांड चालवणार?

पेडण्याचा_प्रोग्रामर
३०० औषधं एका गाडीत आमच्याकडे आजवर गेलेली नाहीत. आणि डेटा-इंटोला स्वतःला जेसन कळत नाही, पार्सर (मजकूर फोडून देणारा प्रोग्राम) वेगळा लावावा लागतो, ते सांगायचं राहिलं तुझं.

फोंड्याचो_आरपीजीकार
एकदाच लावायचा असतो तो! मान्य, अ‍ॅरेमध्ये किती आले ते कळायला काउंटप्रीफिक्स हा पर्याय दिला नाही तर ओरडतो, त्यात माझे दोन दिवस गेले. पण ती एरर नाव घेऊन सांगते कुठे काय कमी आहे. तुझी १२०२ काय सांगते? काही नाही.

बायणा_बॅच_जॉब
दोघांचंही अर्धं बरोबर, आणि दोघंही वर्क फाईल (कामापुरती डेटाबेस फाईल) विसरलात. कमांडला फक्त ऑर्डर नंबर द्या, बाकी ओळी फाईलमध्ये, रात्री फाटलं तर सकाळी एसक्यूएलने बघता तरी येतं काय आलं होतं. पॅरामीटर प्रोग्रामबरोबर मरतो.

पेडण्याचा_प्रोग्रामर
म्हणजे तीन औषधांसाठी फाईल, लायब्ररी, मग ती साफ करणारा आणखी एक जॉब. माटोळीला (चतुर्थीला गणपतीवर फळं बांधतो ती) एक नारळ बांधायला अख्खी बाग आणायची!

बायणा_बॅच_जॉब
😄 नारळ पडला तर कोणाच्या डोक्यावर पडतो ते बघ. बरं, कमांड ठेवायचीच असेल तर निदान सबस्ट्रिंगमध्ये (अमुक बाइटपासून तुकडा कापणं) आकडे कोंबू नका. सीएलमध्ये व्ही५आर४ पासून पॉइंटर (मेमरीतला पत्ता) आणि बेस्ड व्हेरिएबल (त्या पत्त्यावरचं वाचणारं) आहेत, ऑफसेट वाचा, पॉइंटर तिथे न्या, वाचा. सबस्ट्रिंगच वापरणार असाल तर ऑफसेट शून्यापासून मोजतात आणि सबस्ट्रिंग एकपासून, तो +१ चुकवलेला कोड मी पाटोला एका ऑफिसात पाहिलाय, आणि तिथे कोणी हात लावत नाही कारण दुसरीकडे कुठेतरी −१ करून ठेवलंय.

फोंड्याचो_आरपीजीकार
बघ, हेच म्हणतोय मी पहिल्यापासून.

पेडण्याचा_प्रोग्रामर
पात्राव, तू जेसन म्हणत होतास. आज ऑफसेट वाचून लिहिलं, एक, दोन, तीन आणि सतरा औषधांवर चालवलं, चाललं. कमांड राहणार. तीन थरांची यादी मागितली कोणी तर मात्र तुझ्याकडे पाठवतो.