टप्प्यांची सायकल शर्यत चिखलदऱ्याच्या घाटात आणावी का?

परतवाडेकर:
जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर झाली, 437 किलोमीटर, परदेशी संघांसह. तेव्हापासून डोक्यात एकच आहे, अशा शर्यतीचा एक टप्पा परतवाडा ते चिखलदरा का नको?

टूर द फ्रान्समध्ये 21 टप्पे असतात, तीन आठवडे चालते. सगळ्या टप्प्यांच्या वेळेची बेरीज ज्याची कमी, पिवळी जर्सी त्याची. 1989 मध्ये ग्रेग लेमाँड 8 सेकंदांनी जिंकला! सपाटीवर पुढच्याच्या आडोशाला राहिलं की वारा कमी लागतो, म्हणून सगळा घोळका एकत्र येतो. घाटात वेग उतरतो, आडोसा फारसा कामाचा राहत नाही आणि कोणाच्या पायात किती जोर आहे ते उघडं पडतं. मी हा घाट चढतो. हँडलवर घामाचे थेंब टपटप पडतात, मागून एसटी पहिल्या गिअरमध्ये घुरघुरत येते, तिलाही मला गाठायला वेळ लागतो. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. आपल्या पोरांनी तो मान आपल्याच घाटात मिळवावा.

कापूसवाला:
भाऊ, तुमची हौस पटते. पण आमच्या गावचा रस्ता पाह्यला का? पावसाळ्यात पोट्टे सायकल खांद्यावर घेऊन चिखल तुडवत शाळेत जाते. शर्यतीसाठी पुण्याकडचे रस्ते नवे झाले, हे मीबी वाचलं. म्हंजे डांबर होतं, आमच्यासाठी नव्हतं. अन फ्रान्समधे टप्पा गावात आणाचा असला त गावच आयोजकाले पैसे देते. आमच्या नगरपरिषदेनं ते कोठून आणाचे?

परतवाडेकर:
पैशाचा मुद्दा खरा आहे, तो राज्य सरकारनं उचलावा. पण शेतकऱ्याचं म्हणाल तर फ्रान्समधलेच पाहा. शर्यत जाते त्या दिवशी ते गवताचे गठ्ठे आणि ट्रॅक्टर मांडून शेतात भलीमोठी सायकल काढतात, हेलिकॉप्टरमधून दिसावी म्हणून. 2018 मध्ये 16 व्या टप्प्यात त्यांनी तेच गठ्ठे रस्त्यावर टाकून शर्यत अडवली. पोलिसांचा तिखट फवारा खेळाडूंच्याच डोळ्यांत गेला, शर्यत थांबली. शेतकऱ्याचं गाऱ्हाणं त्या दिवशी जगानं पाहिलं. आपल्या सोयाबीनच्या भावाकडे कॅमेरा कधी वळतो?

सेमाडोहची ताई:
माझा साफ विरोध. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. टूर द फ्रान्समध्ये खेळाडूंच्या पुढे जाहिरातींच्या गाड्यांचा ताफा भेटवस्तू फेकत जातो, वर हेलिकॉप्टर. ठरल्या जागेबाहेर बाटली फेकली तर 2021 पासून दंड आहे, पण तो खेळाडूंना. बघायला आलेल्या हजारोंना कोण लावणार? सुट्टीच्या दिवशी घाटात वेफर्सची पाकिटं उचलताना माझे हात दुखतात आणि माकडं तीच पाकिटं फाडत बसलेली असतात. शर्यत हवी तर अमरावती–यवतमाळकडे न्या.

जुना पैलवान, अमरावती:
सगळेच शर्यतीवर भांडताय, पोरांचं कोण बोलतंय? टूरच्या संघात आठ जण असतात. सात जण एकासाठी झिजतात. मागच्या गाडीकडून बाटल्या घेऊन जर्सीत कोंबायच्या, पाठ फुगलेली, तसंच पुन्हा पुढे जाऊन वाटायच्या. नाव नाही, फोटो नाही. हे शिकवायला वर्षं जातात. आफ्रिकेतल्या इरिट्रियात सायकल शर्यत घराघरात मुरली होती, म्हणून तिथल्या बिनियाम गिरमेनं 2024 मध्ये टूरची गुणांची हिरवी जर्सी जिंकली. तो एकदम वर आला नाही, घरच्या त्या शर्यतींतून घडून आला. आपल्याकडे शंकरपटात बैलांची जोडी सेकंदांवर मोजतात, घड्याळाविरुद्धची धाव गावातल्या लहान पोरालाही कळते. आधी तालुक्यांतून तीन टप्प्यांची शर्यत घ्या. बाहेरचे आठ संघ आणून आपण नुसत्या टाळ्या वाजवायच्या, हे मला मान्य नाही.

परतवाडेकर:
तीन टप्प्यांचं मनापासून पटलं. ताईंचं ऐकून घाटाचा टप्पा खालच्या गावांपर्यंतच थांबवता येईल, वाईट वाटतंय तरी.

सेमाडोहची ताई:
जंगलाच्या बाहेर असेल तर मी पाणी द्यायला उभी राहीन.

कापूसवाला:
मग फेब्रुवारीत घ्या, तूर निघालेली असते, ऊनबी सोसते. पण पह्यल्या बैठकीत मी फाट्याच्या आतल्या रस्त्याचं मांडीन. तो रस्ता टप्प्यात घेतला नाही, त आमच्या गावचा एकबी पोट्टा झेंडा धराले येणार नाही.