'व्हार' जनुकांना मराठीत काय म्हणाल?

माडाखाली: कुडाळच्या एका शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनासाठी हिवतापावरचा मजकूर मराठीत करतेय. 'व्हार जीन्स'पाशी गाडं अडलंय. फाल्सिपॅरम या परजीवीकडे अशी साठेक जनुकं असतात, चालू मात्र एका वेळी एकच. त्याचं प्रथिन तांबड्या पेशीच्या अंगावर येतं. शरीर ते ओळखून प्रतिपिंडं तयार करतं, तोवर काही परजीवींनी दुसरं जनुक चालू केलेलं असतं. 'परिवर्ती' लिहिलं, तर मुलं अडखळतात.

कातळफूल: 'बहुरूपी' म्हणा की. सोंग नवं, आतला इसम तोच.

विंगेतला: कोकणात बसून बहुरूपी कसला? 'दशावतारी' म्हणा!

कातळफूल: दशावतारात चार-चार पात्रं एकदम उभी असतात. बहुरूपी दारात येतो तो एकच सोंग घेऊन.

नियमावली: 'बहुरूपता' पॉलिमॉर्फिझमला, म्हणजे एकाच जातीत वेगवेगळी रूपं असण्याला, वापरतात. उगाच घोळ होईल.

सुरंगी: शब्द राहू दे बाजूला. 'ओ गटवाल्यांना मलेरिया होत नाही' असं तर लिहिलं नाहीस ना? आमच्या आतेचा गट ओ, तरी तापाने फणफणली होती.

माडाखाली: नाही गं, लागण ओ वाल्यांनाही होते. त्या प्रथिनाचे काही प्रकार शेजारच्या निरोगी पेशींवरच्या ए-बी गटांच्या शर्करांना चिकटतात. पेशींचा घोस होतो आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. ओ गटात त्या शर्करा नसतात, घोस झाला तरी सैल. म्हणून दुखणं जिवावर बेतायचा धोका कमी, एवढंच.

नियमावली: घोस काजूंचा असतो. पेशींचा 'गुच्छ' लिहा.

विंगेतला: गुच्छ सत्काराला देतात. घोसच ठेवा.

सुरंगी: आजी म्हणायची, 'हिंव भरून ताप इलो.' आणि एक दिवसाआड येणारा ताप म्हणजे एकांतरा.

नियमावली: एकांतरा म्हणजे मधे एका दिवसाचं अंतर. व्हायवॅक्स या हिवतापाच्या दुसऱ्या परजीवीचा ताप तसा, ४८ तासांनी येणारा. गंमत म्हणजे इंग्रजीत त्यालाच 'टर्शियन' म्हणतात, म्हणजे तिसऱ्या दिवसाचा. रोमन लोक पहिला दिवसही मोजणीत धरत.

विंगेतला: आपलं तेरावंही तसंच. गेल्याचा दिवस धरून.

कातळफूल: छे, सोडून!

विंगेतला: धरून. आमच्याकडे सगळे तसंच करतात.

माडाखाली: अहो, प्रदर्शन सोमवारी आहे.

नियमावली: दहाव्याला धरतात म्हणून तेराव्यालाही धरायचं, हा कुठला न्याय? भटजींना विचारा.