मदत हवी आहे: कॅज्युअल्टीत मनोविकारतज्ज्ञ नाहीत, वडिलांना कुठे न्यावे?

कृष्णाकाठ, रात्री ११:४०
वडिलांना आज संध्याकाळी सातारा जिल्ह्यातील एका खासगी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत आणले आहे. कालपासून ते असंबद्ध बोलत आहेत, आणि चादरीवर नसलेल्या मुंग्या एकेक करून चिमटीत धरून आईच्या तळहातावर ठेवत आहेत. त्यांनी सलाईन उपसले म्हणून दोन्ही हात बँडेजच्या पट्टीने खाटेला बांधले, झोपेचे इंजेक्शन दिले, आणि आता सांगतात की हा मानसिक रुग्ण आहे, आमच्याकडे मनोविकारतज्ज्ञ नाहीत, पोलिसांचे पत्र घेऊन येरवड्याला न्या. एवढ्या रात्री पत्र कुठून आणायचे? ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच कृपया लवकर सांगावे.

चिंचेचे_झाड, ११:४८
माझ्या धाकट्या भावाला चोविसाव्या वर्षी असेच भास होऊ लागले होते. आम्ही सहा महिने देवऋषी करण्यात घालवले आणि शेवटी येरवड्याला नेले, तेव्हा कुठे तो सावरला. त्या नावाला लोक भितात, आम्हीही भ्यायलो होतो. पण तुम्ही वेळ दवडू नका, पहाटेच निघा.

अनुस्वार, ११:५५
मी वकील आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९४ नुसार रुग्णाच्या किंवा इतरांच्या जिवाला गंभीर धोका असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर कोणत्याही रुग्णालयात, नामनिर्देशित प्रतिनिधी (रुग्णाच्या वतीने निर्णय घेणारी व्यक्ती) उपलब्ध असल्यास त्याच्या संमतीने, ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. त्यासाठी पोलिसांच्या पत्राची अट त्या कलमात नाही. हे कलम त्यांना दाखवा.

रात्रपाळी, १२:०२
मी परिचारिका आहे, बावीस वर्षे कॅज्युअल्टीत काढली आहेत. वय किती, असे पूर्वी कधी झाले होते का, रक्तातील साखर पाहिली का, ताप आहे का, कोणते इंजेक्शन दिले, हे काहीच आपण लिहिलेले नाही. त्यावाचून कुठे न्यावे हे सांगता येणार नाही.

कृष्णाकाठ, १२:०९
वय ६१. आयुष्यात असे कधीही झालेले नाही. साखर १३२, ताप १००, हात सतत थरथरतात. केसपेपरवर हॅलोपेरिडॉल लिहिले आहे. कृपया आता पत्त्याचे बोला.

रात्रपाळी, १२:११
दारू घेतात का? शेवटची कधी घेतली?

कृष्णाकाठ, १२:१६
वीसेक वर्षे रोज संध्याकाळी घेतात, पण त्याचा येथे संबंध नाही. ते श्रावण पाळतात. अमावास्येच्या रात्रीनंतर, म्हणजे तीन दिवस, थेंबही घेतलेला नाही. डॉक्टरांनी ‘पिऊन आले आहेत का’ असे विचारले तेव्हा आईने ‘नाही’ सांगितले, आणि ते खरेच आहे.

रात्रपाळी, १२:२३
संबंध तेथेच आहे. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की दोन ते चार दिवसांत असा भ्रम होऊ शकतो. त्यात ताप येतो, नाडी धावते, फिट येते, आणि उपचार न झाल्यास माणूस दगावतो. या वयात पहिल्यांदाच आणि एकाएकी असे झाले, तर आधी शरीर तपासावे लागते. येरवड्याचा तीन तासांचा प्रवास करू नका. डॉक्टरांना ‘तीन दिवसांपूर्वी दारू बंद झाली’ हे याच शब्दांत आत्ता सांगा. यात मुख्य औषध लोराझेपाम या शामकाच्या गटातील असते, आणि ग्लुकोज चढवण्याआधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, द्यावे लागते. त्यांना जमणार नसेल, तर १०८ बोलावून जिल्हा रुग्णालयाच्या मेडिसिन विभागात न्या.

मिठागर, १२:३१
मानसिक आजारासाठीही शारीरिक आजाराप्रमाणेच विमा मिळाला पाहिजे, असे याच कायद्याचे कलम २१ सांगते. सर्व पावत्या जपून ठेवा.

अनुस्वार, १२:३८
हात बांधण्याबद्दल कोणीच बोलत नाही. कलम ९७ प्रमाणे दुसरा उपाय नसेल तेव्हाच आणि अगदी आवश्यक तेवढ्याच वेळापुरते बांधता येते, मनोविकारतज्ज्ञाची परवानगी लागते, आणि कारण, पद्धत व कालावधी यांची नोंद करावी लागते.

रात्रपाळी, १२:४६
वकीलसाहेब, कायदा योग्यच आहे, पण रात्री दोन वाजता चाळीस रुग्णांमागे एक परिचारिका आणि एक वॉर्डबॉय असताना तज्ज्ञ कुठून आणायचा, हे त्यात लिहिलेले नाही. बांधलेल्या माणसाच्या बोटांचा रंग मी दर पंधरा मिनिटांनी पाहते. कृष्णाकाठ, तेवढे तुम्हीही पाहा.

अनुस्वार, १२:५२
मनुष्यबळ नाही म्हणून रुग्णाचा हक्क कमी होत नाही. तरी बोटे पाहण्याची सूचना माझ्या कलमापेक्षा या क्षणी अधिक उपयोगी आहे, हे मान्य.

कृष्णाकाठ, पहाटे ५:१०
जिल्हा रुग्णालयात दाखल केले आहे. दारूचे सांगताच डॉक्टरांनी औषध बदलले. अजून मुंग्या वेचत आहेत, पण नाडी उतरली आहे आणि हात सोडले आहेत. मनगटांवर पट्टीचे वळ आहेत. तीन-चार दिवस लागतील म्हणतात. काका म्हणतात, थोडी पाजली की लगेच शांत होतील. पाजावी का?

रात्रपाळी, ५:१४
नाही. भ्रमात ठसका लागून ती फुप्फुसात जाऊ शकते. काकांना खाटेजवळ एकटे बसवू नका, आणि घरी सोडण्यापूर्वी तेथील मनोविकारतज्ज्ञांना एकदा दाखवून घ्या; पुढची औषधे तेच ठरवतील.