विषय: सुप्रीम कोर्टाचे कागद आलेत, मदत हवी

नमस्कार मंडळी,
मागच्या वर्षी नॉर्दर्न बुलेव्हार्डवर बाबांच्या गाडीची धडक झाली होती. समोरच्या बाईंनी आता दावा लावलाय. काल एक माणूस दारात येऊन बाबांच्या हातात समन्स देऊन गेला. वर छापलंय ‘सुप्रीम कोर्ट, काउंटी ऑफ क्वीन्स’. बाबा रात्रभर जागे होते. थेट सुप्रीम कोर्ट, म्हणजे हरलो तर पुढे दादच नाही, असं म्हणताहेत. बाई न्यू जर्सीच्या आहेत, मग हे फेडरल कोर्टात जाईल का?
मंजिरी, फ्लशिंग

मंजिरी,
आधी बाबांना सांग, न्यूयॉर्क राज्यात सुप्रीम कोर्ट सगळ्यात वरचं नाही. आपल्याकडे जिल्हा न्यायालयात दावा उभा राहतो, तसा इथे या कोर्टात. राज्याच्या 62 काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, प्रत्येकी एक आहे. नाव 1691 सालचं. राजधानी ऑल्बनीचं कोर्ट ऑफ अपील्स 1847 मध्ये त्याच्या डोक्यावर आलं, तरी जुनं नाव तसंच राहिलं. क्वीन्सचं अपील आधी ब्रुकलिनच्या अपेलेट डिव्हिजनकडे जातं, मग ऑल्बनीला.

फेडरलची, म्हणजे केंद्राच्या कोर्टांची शिडी वेगळी. भारतात कायदा केंद्राचा असो की राज्याचा, तालुक्यापासून मुंबई हायकोर्ट आणि दिल्लीपर्यंत वाट एकच. इथे दोन शिड्या शेजारी-शेजारी. फेडरलची क्वीन्ससाठीची पायरी ब्रुकलिनचं ईस्टर्न डिस्ट्रिक्ट, वर मॅनहॅटनमधलं अपिलाचं कोर्ट, सेकंड सर्किट. पक्षकार वेगवेगळ्या राज्यांतले आणि मागणी 75,000 डॉलरच्या वर असेल, तर बाईंना तिकडे जाता आलं असतं. त्या गेल्या नाहीत. बाबा न्यूयॉर्कचेच रहिवासी, त्यामुळे त्यांना एवढ्या कारणावरून दावा तिकडे हलवता येत नाही.

हे सगळं नंतर. समन्स हातात मिळालंय, म्हणजे उत्तराला 20 दिवस. कागद आजच विमा कंपनीला पाठव, वकील सहसा तेच देतात. मुदत चुकली तर बाजू न ऐकताच निकाल विरोधात जाऊ शकतो.
श्रीकांतकाका

मंजिरी, काकांच्या मेलला एक जोड. घटस्फोटसुद्धा इथे याच सुप्रीम कोर्टात होतो, फॅमिली कोर्टाला तो अधिकार नाही. माझ्या मैत्रिणीने हे माहीत नसल्याने रजा काढून फुकट हेलपाटे घातले. मंडळातल्या मुलींना हे ठाऊक हवं.
सुधा

काका, सुधाताई, खूप आभार. कागद सकाळीच विमा कंपनीला गेले. बाबा आज पोटभर जेवले. विचारताहेत, हे कोर्ट म्हणजे क्वीन्समधल्या जमैका भागात सटफिन बुलेव्हार्डवरचं का?
मंजिरी

हो, तेच. तारीख लागली तर मी बाबांबरोबर येतो.
श्रीकांतकाका