मदत हवी आहे : तैलरंगातल्या काळ्या दगडाला भेगा

वाईजवळच्या मेणवलीच्या नदीघाटाचं चित्र, 18 बाय 24 इंची कॅनव्हास, जेसोचे (रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात. कुठे शिकवणी नाही, करून बघत शिकलेलं काम. पायऱ्यांसाठी खाली आयव्हरी ब्लॅक हा काळा रंग जवसाच्या तेलात जाडसर लावला, आठवड्याने त्यावर बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) टर्पेंटाइनने पातळ करून फिरवला. आता पाण्यालगतच्या पायरीवर केसाएवढ्या भेगा आहेत. कारण कळतंय: काळा उशिरा वाळतो, अंबर लवकर. वरचा थर आधी कडक झाला, खालचा हलत राहिला. कमी तेलाचा थर खाली हवा होता, इथे नेमकं उलटं झालं.

तेवढा भाग पॅलेट नाइफने खरवडून पुन्हा भरावा, की सहा महिने थांबून भेगांत रंग बसवावा? शेजारचं पाण्यातलं प्रतिबिंब फार छान उतरलंय, त्याला धक्का लागायला नको. आणि आयव्हरी ब्लॅकऐवजी अल्ट्रामरीन (गडद निळा) नि बर्न्ट अंबर मिसळून दगडाचा काळा कुणी केला असेल, तर प्रमाण सांगा.