अनुभव धागा : सांगलीत पोरांना खेळायला कुठं नेता?

माझी तीन मुलं. धाकटा पावणेदोन वर्षांचा, मधली सात, थोरला तेरा पूर्ण. गेल्या रविवारी तिघांना आमराई बागेत नेलं. धाकट्यानं झोपाळ्याकडे बघितलंही नाही, वाळकी पानं गोळा करून चपलेत भरत बसला. मधलीला झोपाळा हवा होता आणि पुढे आठ पोरं. थोरला बाकावर मान खाली घालून. तासाभरात तिघंही चिडलेले. घरी येताना लक्षात आलं, तीन वयांना मी एकाच फाटकातून आत ढकललं होतं. तुम्ही जागा कशी ठरवता? घडलेलं लिहा, सविस्तर लिहा.

विश्रामबाग, मुलगी आता चार वर्षांची

ती दीड वर्षाची होती तेव्हाचं सांगते, कारण ताई, तुमचा धाकटा त्याच वयाचा आहे. घसरगुंडीवर एकटी घाबरेल म्हणून मी तिला मांडीवर घेऊन खाली आले. मध्येच तिच्या बुटाचा रबरी तळ कडेला धरला गेला, आणि माझ्या वजनानं आम्ही दोघी पुढे सरकतच राहिलो. पाय पिरगळला. ती पडली नव्हती, कुठं आपटली नव्हती, म्हणून मला काही वाटलंच नाही. रात्री पाय टेकवेना तेव्हा एक्सरे काढला. नडगीच्या हाडाला चीर. डॉक्टर म्हणाले, लहानग्यांचा पाय मोडण्याचं हे नेहमीचं कारण आहे. मूल एकटं असलं तर पाय अडकला की तिथंच थांबतं, मोठ्या माणसाचं वजन मात्र थांबत नाही. मी तिला जपायलाच मांडीवर घेतलं होतं, हे अजून मनातून जात नाही.

तेव्हापासून, जी घसरगुंडी तिला एकटीला झेपत नाही ती तिच्यासाठी नाही. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला मोठी बाग लागतच नाही. सावली, माती, एक डबा, थोडं पाणी. तुमच्या धाकट्याला पानं सापडली, म्हणजे त्याचा खेळ झाला होता.

कुपवाड, मुलगा सहा वर्षांचा

माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, त्यामुळे बागेत गेलो की आधी लोखंडच दिसतं. झोपाळ्याची साखळी सगळे बघतात, पण झीज होते वर, जिथं कडी आडव्या पाइपवर घासते तिथं. मान वर करून बघा. कडी अर्धी खाल्लेली दिसली तर मी पोराला बसवत नाही, त्याला रडू देतो.

दुसरं, दोन गजांमधलं अंतर. ते 9 ते 23 सेंटिमीटरच्या दरम्यान असेल तर लहान मुलाचं अंग पायाकडून निसटतं आणि डोकं अडकतं. त्याहून अरुंद किंवा त्याहून रुंद चालतं. टेप नसेल तर साधा अंदाज: माझी मूठ आडवी जाते पण पोराचं डोकं आरामात बाहेर येणार नाही, अशी फट दिसली की तिथून त्याला उतरवतो.

तिसरं, खाली काय आहे. आमच्या भागातल्या एका बागेत नवी कोरी खेळणी बसवली आणि खाली पेव्हिंग ब्लॉक घातले. रंग बघून लोक खूश. मला राग आला, तो अजून आहे. उंच खेळण्याखाली फूटभर मोकळी वाळू पाहिजे, आणि तीसुद्धा अधूनमधून उकरलेली. पावसानं बसलेली वाळू दगडासारखी होते. बोटं घालून बघा, रुतली तर ठीक.

एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या घसरगुंडीवर आधी आपल्या हाताची मागची बाजू टेकवा. पाच सेकंद सोसवली नाही तर सूर्य कलल्यावर या.

गावभाग, दोन मुलगे

आम्ही नदीकाठचे, आमचा हिशेब पुराचा. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं, धोक्याची पातळी 45 आहे. पाणी ओसरल्यावर पोरं महिनाभर घरात कोंडलेली, मैदान दिसताच धावत सुटली. वर गाळ वाळून मऊ दिसत होता, आत काचा, खिळे, पत्र्याचे तुकडे. धाकट्याच्या टाचेला टाके पडले. आता पुराच्या पाण्यात राहिलेली जागा आम्ही पहिल्या वर्षी फक्त बूट घालून वापरतो.

मिरज, मुलगा नऊ वर्षांचा, स्वमग्न

गर्दी आणि शिट्ट्या त्याला सहन होत नाहीत. आम्ही सकाळी साडेसहाला जातो. झोपाळा रिकामा, फक्त चालायला आलेले आजोबा. एक जण रोज त्याला हात करतात. तीन महिन्यांनी यानं परत हात केला. आमच्यासाठी चांगलं मैदान म्हणजे ती वेळ.

माधवनगर, मुलगा चौदा, मुलगी अकरा

मुलीला क्रिकेट खेळायचं. मैदान पाच मिनिटांवर, पण सगळं मुलांनी धरलेलं, तिला फक्त बॉल आणायला पाठवत. स्मृती मानधनानंही भावाला बघूनच बॅट धरली आणि ती आपल्या सांगलीतच वाढली. 19 वर्षांखालच्या सामन्यात 2013 मध्ये गुजरातविरुद्ध तिनं नाबाद 224 काढल्या तेव्हा ती सतरा वर्षांची होती. हे मी माझ्या मुलाला सांगितलं. उपदेश नको होता त्याला, आकडा मात्र लागला. दुसऱ्या दिवशी त्यानंच टोळीत सांगितलं, ही ओपनिंगला येणार. पोरांना वेगवेगळ्या जागी न्यायच्या आधी घरातल्या मोठ्याला कामाला लावून बघा. कृत्रिम हिरवळीचं टर्फ तासावर भाड्यानं मिळतं, पण रोज परवडत नाही आणि तिथं शेजारची पोरं भेटत नाहीत.

कवलापूर, नातू तेरा वर्षांचा

तेराच्या पोराला बाग दाखवू नका, बाई. त्याला दमायला जागा पाहिजे. आमच्या नातवाला मी तालमीत घातला. कुस्तीच्या हौद्यातल्या मातीत ताक, तेल, हळद पडते, पडलं तरी अंग सोलत नाही. कुस्ती नको असंल तर खो-खो. दोन खांब, बारा पोरं, खर्च काही नाही. आणि तिथं आईनं कडेला बसायचं नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आजोबा, तुमचं शेवटचं वाक्य टोचलं आणि पटलं.

काल सकाळी सातला फक्त धाकट्याला घेऊन गेले, डबा आणि पाण्याची बाटली बरोबर. झोपाळ्याची कडी मान वर करून बघितली, मग तिकडे गेलोच नाही. संध्याकाळी थोरल्याला शाळेमागच्या खो-खोच्या मैदानावर सोडलं. फाटकाशी थांबले तर त्यानं जा म्हणून हात केला. साडेसातला आणायला गेले तेव्हा गुडघ्यांपर्यंत तांबडी माती होती, आणि घरापर्यंत तो एकटाच बोलत होता. मधलीचं अजून जमायचंय. तिची मैत्रीण शनिवारी चारनंतर मोकळी आहे.